वजिराला आवाज

१

खटकचिंचोळीत दुपारी दोनच्या आगंमागं थ्री-फेज जाते. घरातले दिवे-पंखे चालू राहतात, पण गुंडप्पाची पिठाची गिरणी थांबते ती पाचापर्यंत. पट्टा सैल होत होत फिरतो, फट्... फट्... करतो, अन् गप होतो. त्या गप होण्याची तात्याराव रोज वाट बघायचा. जेवण झालेलं असायचं, टोपी खुंटीवरून काढून मांडीवर घेतलेली असायची. आवाज थांबला की तो उठायचा.

"बोलावणं आलं बगा," त्याची बायको शोभाबाई म्हणायची.

चार घरं ओलांडली की गिरणी.

"जयभीम, अण्णा."

"शरणु शरणु. बस."

दोघंही सत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षं झाली, दुपारचं बोलणं एवढंच. मग मधे फरशी, अन् फरशीवर बुद्धिबळ.

ती फरशी तात्यारावाच्याच हातची. तो गवंडी. ह्या गिरणीची जमीन त्यानंच घातली, शहाबादी फरशीची. काम संपलं तेव्हा एक फरशी उरली. त्यानं तिच्यावर चौसष्ट घरं आखली. एक घर टाकी मारून खरबरीत केलं, एक गुळगुळीत ठेवलं, अन् विटांच्या बुटक्या ओट्यावर ती बसवून टाकली. सोंगट्या हुमनाबादच्या बाजारातल्या. काळा वजीर कधीतरी हरवला, तवापासून गिरणीचा एक नटबोल्ट वजीर झाला.

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट तात्याराव कधी बोलून दाखवत नसे. गुंडप्पाची आई तेव्हा होती. तिनं च्या आणला. गुंडप्पाला स्टीलच्या गिलासात, अन् तात्यारावासाठी भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेला, कान तुटलेला कप. गावात कुणासाठी कोणतं भांडं, हे तवा प्रत्येक दाराला ठाऊक होतं. गुंडप्पानं तो कप उचलला, स्वतः त्यात च्या पिला, अन् गिलास तात्यारावाच्या पुढं सरकवला. दुसऱ्या दिवसापासून दोन गिलास आले. पुढं आई गेली, गुंडप्पाची बायको दानम्मा आली, तरी दोनच गिलास.

म्हणून गुंडप्पाच्या समोरची ती जागा म्हंजे तात्यारावाला नुसती बसायची जागा नव्हती.

२

खेळ तात्याराव हुमनाबादच्या एका मिस्त्रीकडून शिकला होता अन् त्यानंच गुंडप्पाला शिकवला. जुना खेळ. प्यादं एकच घर चालायचं. राजाला सगळ्या डावात एकदा घोड्याची उडी. अन् मिस्त्रीची एक सक्त ताकीद: "वजीर कू आवाज देको मारना." दुसऱ्याच्या वजिरावर चाल आली की आधी कळवायचं. ह्या दोघांत कळवायची रीत म्हंजे फरशीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं. गुंडप्पा घाईत वाजवायचा, टकटक. तात्यारावाचं तसं नव्हतं. टक. मग एक श्वास जाऊ द्यायचा. मग टक. तेवढ्या वेळात समोरच्यानं बघून घ्यावं, असा त्याचा स्वभाव.

ह्या साली तात्याराव आठ दिवस लेकीकडं निर्ण्याला गेला. परत आला त्या दिवशी दोन वाजले, पट्टा थांबला, तो गिरणीत आला. फरशीच्या त्याच्या बाजूला, जिथं त्याचे गुडघे असायचे तिथं, पिठाच्या डब्याला टेकवून एक टॅब उभा होता.

"जयभीम, अण्णा."

गुंडप्पानं वर बघितलं नाही. "बस जरा. मरायलोय मी."

हे तो इतक्या आनंदानं म्हणाला की तात्याराव उभाच राहिला.

गुंडप्पाचा पोरगा बसवप्रभु हैदराबादेत नोकरीला. तो गावातल्या एका लग्नाला आला होता, जाताना बापाला हे देऊन गेला. त्यात बुद्धिबळ होतं. साधं, मधलं अन् चढाईचं, असे तीन प्रकार. पोरानं चढाईचं लावून दिलं होतं. गुंडप्पाला काचेवरचं बारीक दिसत नसे, म्हणून तो टॅबची चाल बघायचा अन् फरशीवर सोंगटी स्वतः हलवायचा. दोघांच्याही.

"तेचं प्यादं दोन घरं पळालं की," तात्याराव म्हणाला.

"तेचा कायदा तसा हाय."

"हत्ती अन् राजा एकदम हलले. ही लबाडी हाय, अण्णा."

"तेबी कायदाच."

"मग आपल्या राजाची उडी?"

"त्येला ठाव न्हाई." गुंडप्पानं कपाळ पुसलं. "शिकंल."

"वजिराला आवाज देतंय का?"

"आवाज? दार न वाजवता घरात घुसतंय ते. हत्ती फेकून मारतंय बग, हत्ती. कशाची फिकीर न्हाई." अन् गुंडप्पा हसला. तात्यारावाला ते हसू ओळखीचं वाटलं. लग्नाच्या आधी, विशीतला गुंडप्पा असं हसायचा. मधल्या चाळीस वर्षांत तात्यारावाला ते एकदाही काढता आलं नव्हतं.

दानम्मानं दोन गिलास आणले. तात्याराव दाराशी पोत्यावर बसलेला बघून तिनं पदर तोंडाला लावला. "तात्याराव अण्णा, तुमाला सवत आली बगा."

"येऊ द्या की, अक्का," तो म्हणाला. अन् तोही हसला. पण तो च्या त्याला गोड लागला नाही.

३

पंधरा दिवस असंच गेलं. टॅबसंगं तीन डाव झाले की चौथा तात्यारावाचा. त्यातही गुंडप्पा जांभया द्यायचा. जो माणूस आयुष्यभर "दमानं, दमानं" म्हणायचा, तो आता म्हणायचा, "खेळ की रे लवकर."

तात्याराव गरीब स्वभावाचा. त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण त्या पंधरा दिवसांत त्याला झोपेतून उठल्याबरोबर आधी ती काच आठवायची. गवंड्याचा हातोडा माळ्यावर होता. तो कुठल्या पोत्याखाली आहे हेही त्याला दोनदा आठवून गेलं.

एका दुपारी तो दाराशी पोत्यावर बसला होता, पाठ आत करून. रस्त्यावर ऊन. राजेश्वर गावाकडं जाणारी एक जीप गेली, धूळ बसली. मागं गुंडप्पाचा अडकित्ता सुपारी कातरत होता, कट्, कट्, कट्.

टक.

मग एक श्वास गेला.

टक.

तात्यारावानं आधी स्वतःच्या हाताकडं बघितलं. हात गुडघ्यावर होता. मग तो वळला. गुंडप्पाच्या एका हातात अडकित्ता, दुसऱ्यात सुपारी.

"वाचलो रे," गुंडप्पा म्हणाला, अन् सुपारी ठेवून त्यानं आपला वजीर मागं घेतला.

"कोण वाजवलं, अण्णा?"

"तूच की."

"मी हितं बसलोय."

गुंडप्पानं चष्म्यावरून बघितलं. तात्याराव आत्ताच आला असावा, तसं बघितलं. "मग तेनं वाजवलं असंल. असल्यात आवाज असतेतच की."

ते खरंच होतं. फोनात घंटा असते, कोंबडा असतो, लहान लेकरू हसतं. टकटक का नसावी? तात्यारावानं मनाला हे नीट समजावलं. पण जन्मभर त्यानं फरशा ठोकून बघितल्या होत्या. फरशी बसवली की पेरानं वाजवायची. खाली सिमेंटचा माल भरला असेल तर खणखणीत, पोकळी राहिली असेल तर बद्द. कानावरच त्याचं पोट होतं. त्या दोन आवाजांत शहाबादी दगड होता. त्याच्या मधल्या पेराला घट्टा आहे, तो घट्टाही होता. अन् मधला श्वास तेवढाच होता, जेवढा तो स्वतः सोडायचा.

४

त्याच दिवशी चौथा डाव त्याच्या वाट्याला आला. त्याचा घोडा अशा घरात गेला की गुंडप्पाचा वजीर माराखाली आला. तात्यारावानं पेर उचललं अन् वाजवलं.

बद्द. पोत्यावर मारल्यासारखं.

त्यानं परत वाजवलं. काहीच नाही.

"खेळलास का?" गुंडप्पा म्हणाला.

"वाजवलं की. वजीर."

"ऐकू न्हाई आलं." गुंडप्पानं वजीर बाजूला घेतला, पण त्याचं ध्यान डब्याकडं होतं.

खालच्या विटा खचल्या असतील, तात्यारावानं ठरवलं. डाव संपल्यावर त्यानं चारी कोपरे दाबून बघितले. फरशी हालली नाही. तळहात फिरवला, कुठं फुगा नाही. मग त्यानं गुंडप्पालाच म्हटलं, "जरा ठोक बरं." गुंडप्पानं ठोकलं. खणखणीत. भरलेला माल, चाळीस वर्षांपूर्वी भरला तसाच.

घरी येऊन त्यानं उंबऱ्यावर वाजवलं, मग कपाटाच्या पत्र्यावर, मग पाण्याच्या हंड्यावर. सगळीकडं बद्द, जसं काही हाताला कापड गुंडाळलंय.

"काय करायलाव?" शोभाबाईनं विचारलं.

"आवाज येतोय का बगायलोय."

"जोरात मारा की मग. हंड्याला काय गोंजारायलाव?"

त्यानं जोरात मारलं. पेर लाल झालं. शोभाबाई ज्वारी निवडत होती, तिनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात राजश्री सिस्टरकडं गेला. तिनं कानात बॅटरी मारून बघितलं, मागं उभं राहून त्याचं नाव हळू घेतलं. "कान चांगले हायत, काका," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगले."

त्याला बरं वाटायला हवं होतं.

५

मग तो लवकर जाऊ लागला. जेवण अर्धं टाकून, पट्टा थांबायच्या आधी. जागा आधी धरावी, एवढाच विचार. म्हातारपणी असा विचार येतो ह्याची त्याला लाज वाटायची, तरी पाय उचलायचे.

पहिल्याच दिवशी गिरणी बंद होती. वीज आधीच गेली होती म्हणे. गुंडप्पा फरशीशी एकटा.

"जयभीम, अण्णा."

"कामून परत आलास?" गुंडप्पा म्हणाला.

"परत?"

"आत्ताच तर गेलास की. काय विसरलास का?"

"मी घरी जेवायलो होतो, अण्णा."

गुंडप्पा त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फरशीकडं बघितलं, मग डब्याला टेकलेल्या टॅबकडं. "व्हय रे," तो म्हणाला. "वय झालं." अन् त्यानं चष्मा काढून धोतरानं पुसला.

तात्याराव जवळ गेला. फरशीवर अर्धा डाव मांडलेला होता. त्याच्या बाजूनं उजव्या कडेचं प्यादं एकच घर पुढं होतं. कुणी शहाणा माणूस डाव असा उघडत नाही. तात्याराव उघडतो, मिस्त्रीनं शिकवलं म्हणून. अन् राजा. राजा आपल्या घरातून घोड्याच्या चालीनं बाहेर पडलेला होता.

"उडी," तात्याराव म्हणाला.

"म्हटलं न्हवतं का, शिकंल." गुंडप्पाच्या बोलण्यात बापाचं कौतुक होतं. "तुझ्यासारखंच खेळतंय आता. फक्त..."

"फक्त काय?"

"जाऊ दे."

"बोल की, अण्णा."

गुंडप्पानं सुपारी गालात सरकवली. "फक्त घाबरत न्हाई. तू मला मारायला आलास की थांबतोस. मला काय कळत न्हाई? चाळीस वर्षं मला सोडायलास तू. ते सोडत न्हाई, तात्या. असं खेळल्यावर जीव कसा वर येतो म्हणून सांगू."

तात्याराव पोत्यावर जाऊन बसला. खरी गोष्ट होती. गुंडप्पा वाईट हरला की दुसऱ्या दिवशी सोंगट्या मांडायला उशीर करायचा. म्हणून मात दिसत असताना तात्यारावानं किती वेळा मुकाट्यानं प्यादं ढकललं होतं. त्याला वाटायचं, ही आपली माया. समोरचा इतकी वर्षं उपाशी होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

६

"मला खेळू दे तेच्यासंगं," तो एका दुपारी म्हणाला.

गुंडप्पा खूश झाला. "ये, माझ्या जागी बस. मी सोंगट्या हलवतो. मोडंल तुला, सांगून ठेवतो."

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तात्याराव गुंडप्पाच्या बाजूला बसला. समोर त्याची स्वतःची जागा, अन् तिथं ती काच. दानम्मानं च्या आणला. एक गिलास गुंडप्पाला दिला. दुसरा रोजच्या सवयीनं तात्यारावाच्या बाजूला, काचेपाशी, ठेवून ती आत गेली.

डाव सुरू झाला. समोरून उजव्या कडेचं प्यादं, एक घर. मग घोडा. मग उंट, तिरका, सरळ छातीवर. सहाव्या चालीला त्यानं हत्ती टाकला. नुसता टाकला, घे म्हणून. तात्यारावानं घेतला अन् घेतल्याबरोबर कळलं की घर उघडं पडलं. पुढची चाल, पुढची, तिकडून विचार करायला वेळच लागत नव्हता. "शह," गुंडप्पा म्हणायचा, "परत शह," अन् मांडीवर थाप मारायचा.

अन् मग तात्यारावालाही ते चढलं. हात गार, डोकं गरम. गिरणी दिसेना, ऊन दिसेना. कितीतरी वर्षांनी त्याला परातीतला माल वाळायच्या आत फरशी बसवायची घाई आठवली, तसं अंग हलकं झालं. तो वाचला, परत वाचला. राजाची उडी घेऊन बाहेर पडला. समोरून येणारी प्रत्येक चाल त्याच्या ओळखीची होती. ही त्यानं अमक्या उन्हाळ्यात बघितली होती अन् खेळला नव्हता. ही बसवप्रभु जन्मला त्या दिवशी. गुंडप्पाची आई गेली त्या आठवड्यातली ही, तेव्हा तर त्यानं मुद्दाम वजीर घालवला होता. जे जे हातात येऊन त्यानं परत ठेवलं होतं, ते सगळं ह्यानं कुठूनतरी गोळा करून आणलं होतं.

हे मी द्यायला पायजे होतं अण्णाला, तात्यारावाला वाटलं. माझं होतं.

तो विचार करीत राहिला. बराच वेळ कुणी हात लावला नाही, म्हणून टॅबचा उजेड गेला. काच काळी झाली. तिच्यात टोपी दिसली, चष्मा दिसला, पांढऱ्या मिशा. त्याचंच तोंड. त्यात काही नवल नव्हतं. काळी काच कुणालाही दाखवते.

पण काचेतल्या माणसानं उजवा हात वर धरला होता, मधलं पेर वाकवून. अन् तात्यारावाचे दोन्ही हात मांडीखाली होते.

त्यानं ते दाबून बघितले. होते.

"झोपलं की हे," गुंडप्पा म्हणाला, अन् बोट लावून त्यानं उजेड आणला.

७

तात्याराव उठून जाऊ शकला असता. दार सहा पावलांवर होतं. चार घरांपलीकडं शोभाबाई होती. पण फरशीवर त्याला एक चाल दिसली होती.

उंट एक घर मागं घेतला की समोरचा वजीर, तो नटबोल्ट, अडकत होता. पळायला घर नव्हतं. चाळीस वर्षांत अशी चाल तो एकदाही खेळला नव्हता.

तो खेळला.

"आईगं," गुंडप्पा हळूच म्हणाला. "मारलास की रे त्येला." अन् त्यानं तात्यारावाकडं नाही, काचेकडं बघितलं. "वजीर गेला बग तुझा, तात्या."

आता रीत होती. वजिराला आवाज. तात्यारावानं मांडीखालचा हात काढला, पेर वाकवलं अन् फरशीवर मारलं. बोटाला दगड लागला, पण दगड बोलला नाही.

टक, काचेतून आलं. स्वच्छ, खणखणीत. खाली माल गच्च भरलेला असावा, तसं.

गुंडप्पाचा चेहरा उजळला. तो पुढं वाकला, काचेकडं कान करून, अन् थांबला. दुसऱ्याची वाट बघत. त्याला सवय होती. मधे एक श्वास जातो, हे त्याला ठाऊक होतं.

तात्यारावाचा हात तसाच वर राहिला. मारलं तर आवाज तिकडून येणार, हे त्याला कळत होतं. गवंड्याला कळतंच, कुठं पोकळ आहे अन् कुठं भरीव. नाही मारलं तर कदाचित काही उरेल, असंही वाटत होतं. पण दीड महिन्यात गुंडप्पा आज पहिल्यांदा त्याच्या हाताची वाट बघत होता. ओठ अर्धे उघडे, सुपारी गालात, विशीतल्यासारखा.

"कर की, तात्या," गुंडप्पा म्हणाला. लाडानं म्हणाला.

तात्यारावानं मारलं.

टक.

"हां," गुंडप्पा म्हणाला. "आता कसं." अन् सोंगट्यांवर वाकला.

आतून दानम्मा आली. तिनं गुंडप्पाचा रिकामा गिलास उचलला. काचेपाशी दुसरा गिलास तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. तिनं तो उजेडात धरून बघितला, दाराकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं.

"अवो, हा च्या कुणाचा ठेवला होता?"

"माझा, अक्का," तात्याराव म्हणाला. "हितं बसलोय की."

गुंडप्पा हसला अन् ऐकायला काचेकडं मान वळवली.